बेरजेआधी उत्तरे वाचावीत

मनगटाचे हाड मोडून साडेतीन महिने झालेल्या एका बाईंची मी फेरतपासणी करत होते. क्ष-किरण चित्रात हाड नीट जुळलेले दिसत होते, मनगट वर-खाली वळण्याचा कोन दुसऱ्या हाताच्या मानाने थोडाच कमी भरत होता आणि डायनॅमोमीटरवर पकडीची ताकद दुसऱ्या हाताच्या सुमारे ८० टक्के आली होती. माझ्या नोंदींवरून उपचार संपवण्याची वेळ जवळ आली होती. हाताच्या अडचणी रुग्णानेच नोंदवायची क्विकडॅश प्रश्नावली त्यांनी बाहेर बसून भरली होती. तीत गुण जितका जास्त तितकी अडचण जास्त, आणि ती मात्र शंभरपैकी ४५ गुण दाखवत होती, म्हणजे सहा आठवड्यांपूर्वी होते जवळजवळ तेवढेच. तेव्हाच्या माझ्या सवयीप्रमाणे मी तो आकडा फाइलच्या कोपऱ्यात लिहिला, यांना दुखणे जरा जास्तच जाणवते असे मनाशी ठरवले आणि व्यायामांचा नवा कागद काढला. प्रश्नावली फाइलला लावताना सहज नजर शेवटच्या दोन प्रश्नांवर गेली. हाताच्या दुखण्यामुळे गेल्या आठवड्यात झोप लागायला किती त्रास झाला, या प्रश्नापुढे त्यांनी शेवटून दुसरा पर्याय निवडला होता आणि मुंग्यांच्या प्रश्नापुढे तर सर्वांत टोकाचा. विचारल्यावर कळले, की रात्री दोन-तीनदा त्यांना हात झटकत उठावे लागत होते आणि अंगठ्याकडची तीन बोटे बधिर होत होती. "हाड मोडल्यावर असं होतच असेल असं वाटलं, म्हणून बोलले नाही," असे त्या म्हणाल्या. मनगटातून जाणारी मीडियन नस दाबली जात होती. आधीची प्रश्नावली काढून पाहिली, तर तिथेही तीच दोन उत्तरे होती. सहा आठवडे ती माझ्याच फाइलमध्ये पडून होती.

त्या सहा आठवड्यांची मला आजही खंत वाटते. रुग्णाने तक्रार केली नव्हती असे म्हणता येत नाही, कारण त्यांनी ती लेखी केली होती आणि मी त्या तक्रारीची बेरीज करून ठेवली होती. रुग्णाने स्वतः भरायच्या प्रश्नावल्या, ज्यांना आम्ही हँड थेरपिस्ट आपसात 'प्रॉम्स' म्हणतो, त्या प्रत्यक्ष कामात कशा वापराव्यात याविषयी मला जे सांगायचे आहे, ते या एका प्रसंगातून निघते. एकूण गुणांचा उपयोग नंतरचा आहे. आधी एकेक उत्तर वाचावे, तेही रुग्ण समोर बसलेला असताना, आणि त्या दिवशीच्या उपचारात त्या उत्तरामुळे काही बदलते का हे पाहावे. विशेषतः जिथे माझी मोजमापे एक सांगतात आणि रुग्णाचे उत्तर दुसरेच सांगते, तिथे थांबावे.

हाताच्या उपचारांत बराच काळ निकाल काय लागला हे उपचार करणाराच ठरवत असे. मनगटाच्या मोडलेल्या हाडासाठी १९५१ साली गार्टलँड आणि वर्ली यांनी मांडलेली गुणपद्धती पुढे कित्येक दशके वापरली गेली. तीत उरलेले व्यंग, हालचाल, गुंतागुंत यांना दोषगुण देऊन निकाल उत्तम, चांगला, साधारण किंवा वाईट ठरवला जाई. रुग्णाच्या तक्रारीलाही तीत जागा होती, पण ती तक्रार कोणत्या पायरीवर बसवायची हे तपासणारा ठरवत असे. रुग्णाने स्वतः खूण करायची आणि ती खूण दुसऱ्या कोणी बदलायची नाही, ही पद्धत आमच्या क्षेत्रात मुख्यतः १९९० च्या दशकात रुजली. कार्पल टनेलसाठीची, म्हणजे मनगटात मीडियन नस दाबली जाण्याच्या आजारासाठीची, बोस्टन प्रश्नावली १९९३ साली आली, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑर्थोपेडिक सर्जन्स आणि टोरांटोतील इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ यांच्या सहकार्यातून तयार झालेली, खांद्यापासून बोटांपर्यंतच्या संपूर्ण हातासाठीची डॅश १९९६ साली, तर मनगटासाठीची पीआरडब्ल्यूई आणि मिशिगन हँड प्रश्नावली या दोन्ही १९९८ साली प्रसिद्ध झाल्या. डॅशची अकरा प्रश्नांची छोटी आवृत्ती, म्हणजे क्विकडॅश, २००५ साली आली. आज आमच्या व्यवसायात तिचाच वापर फार दिसतो, कारण ती पाच मिनिटांच्या आत भरून होते.

वेळ वाचतो हे खरे, पण छोट्या प्रश्नावलीचे गणित समजून घेतल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. डॅशमध्ये ३० प्रश्न असतात आणि प्रत्येक उत्तराला १ ते ५ असे मूल्य असते. उत्तरांची सरासरी काढायची, तीतून १ वजा करायचा आणि उरलेल्याला २५ ने गुणायचे, म्हणजे ० ते १०० च्या पट्टीवरचा गुण मिळतो. त्यात ० म्हणजे काहीच अडचण नाही आणि १०० म्हणजे कमालीची अडचण. तीसही उत्तरांची बेरीज ७५ आली, तर सरासरी २.५ आणि गुण ३७.५. क्विकडॅशची रीत तीच आहे, फक्त प्रश्न अकरा. त्यामुळे डॅशमध्ये एका प्रश्नाचे उत्तर एका पायरीने बदलले तर एकूण गुण ०.८३ ने हलतो, आणि क्विकडॅशमध्ये तोच बदल २.२७ चा होतो. डॅशमध्ये तीनपर्यंत उत्तरे कोरी राहिली तरी गुण काढता येतो, क्विकडॅशमध्ये फक्त एक. दोन उत्तरे कोरी असलेल्या क्विकडॅशचा गुण काढून फाइलमध्ये लावलेला मी अनेकदा पाहिला आहे. तो गुण धरायचाच नसतो.

पायऱ्यांचे हे गणित बदलाचा अर्थ लावताना फार उपयोगी पडते. रुग्णाच्या दृष्टीने खरोखर जाणवण्याजोगा सर्वांत लहान बदल किती, याचे आकडे वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळे आले आहेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुष्कळदा आधार म्हणून घेतल्या जाणाऱ्या एका अभ्यासात ते डॅशसाठी १०.८३ आणि क्विकडॅशसाठी १५.९१ असे होते. हे आकडे दशांशासह पाहिले की फार नेमके वाटतात, पण पायऱ्यांत मोजले तर डॅशचा आकडा म्हणजे तेरा पायऱ्या आणि क्विकडॅशचा म्हणजे सात. सात प्रश्नांची उत्तरे एकेका पायरीने सुधारली, किंवा तीन प्रश्न दोन-दोन पायऱ्यांनी आणि आणखी एक प्रश्न एका पायरीने सुधारला, तर क्विकडॅशचा बदल बरोबर तेवढा भरतो. एकूण गुण ५० वरून ४३ वर आला म्हणून सुधारणा झाली असे मी पूर्वी बिनदिक्कत लिहीत असे. आता मला दिसते, की त्या सात गुणांत सुधारलेल्या जेमतेम तीन पायऱ्या आहेत आणि रुग्णाला आदल्या रात्री झोप चांगली लागली असली, तरी तेवढा फरक पडू शकतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. गुण फारसा हलला नाही म्हणून काही घडले नाही असेही नसते. वेदना दोन पायऱ्यांनी कमी झाली, पण त्याच सुमारास रुग्ण कामावर परतला आणि काम जड जाऊ लागल्यामुळे कामाचा प्रश्न दोन पायऱ्यांनी वाढला, तर बेरीज जागच्या जागी राहते. अशा वेळी दोन्ही कागद शेजारी ठेवून रुग्णाबरोबर प्रश्नागणिक वाचले, तर दोघांनाही चित्र स्पष्ट होते. मी जुना कागद आधी दाखवत नाही. नवीन भरून झाल्यावरच दोन्ही टेबलावर मांडते, कारण मागची खूण समोर असली की माणूस तिच्या आधाराने नवी खूण करतो.

डॅश आणि क्विकडॅशमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी नवख्या थेरपिस्टच्या हमखास नजरेतून सुटते. काम कोणत्या हाताने केले किंवा कसे केले याचा विचार न करता, ते करता आले की नाही एवढेच उत्तर द्यावे, अशी स्पष्ट सूचना या प्रश्नावलीच्या वर असते. संपूर्ण हात हे एकच कार्यरत अंग मानून ती बनवली आहे आणि त्या विचारात तथ्य आहे. घट्ट झाकण उघडले की नाही हे माणसाला महत्त्वाचे, कोणत्या हाताने उघडले हे नंतरचे. पण त्याचा परिणाम असा होतो, की ज्याला डाव्या हाताची दुखापत आहे आणि ज्याने सगळी कामे उजव्या हाताकडे सोपवली आहेत, त्याचा गुण झपाट्याने उतरतो. डावा हात मांडीवर पडून असतो आणि कागद मात्र प्रगती सांगतो. पीआरडब्ल्यूईमध्ये याउलट दाराची मूठ फिरवणे, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठणे, वजन उचलणे अशा बहुतेक नेमक्या कृतींपुढे 'दुखावलेल्या हाताने' असे शब्द घातलेले आहेत, तर मिशिगन प्रश्नावली ३७ प्रश्नांतून कार्यक्षमता, वेदना, समाधान यांसारख्या गोष्टी दोन्ही हातांसाठी वेगवेगळ्या विचारते. म्हणून हात टाळण्याची सवय लागली असल्याची शंका आली, की मी क्विकडॅशवर थांबत नाही.

असा एक रुग्ण मला आठवतो. तर्जनीच्या टोकाची जखम केव्हाच भरली होती, संवेदना तपासण्याच्या बारीक तंतूंच्या चाचणीतही फारसा दोष नव्हता, क्विकडॅशचा गुण दहाच्या आत होता आणि तरीही ते दर आठवड्याला येत राहिले. शेवटी मी ते बोट वगळून काय काय करता ते दाखवा असे सांगितले. पेन धरणे, बटण लावणे, नाणे उचलणे, सगळे त्यांनी अंगठा आणि मधले बोट यांच्या चिमटीत इतक्या सफाईने केले, की पाहणाऱ्याला कळूही नये. बोट नीट होते, पण कामातून ते निवृत्त झाले होते. प्रश्नावलीने जे विचारले त्याचे त्यांनी खरेच उत्तर दिले होते; चूक माझी होती, कारण मी चुकीचा प्रश्न असलेला कागद हातात दिला होता.

एका बोटाची दुखापत, ठरावीक वाद्य वाजवणारा कलाकार, एखादेच सूक्ष्म हत्यार हाताळणारा कारागीर, अशांच्या बाबतीत तयार प्रश्नांची यादी बहुधा तोकडी पडते. डॅशला कामासाठी आणि खेळ किंवा कलेसाठी चार-चार प्रश्नांच्या ऐच्छिक पुरवण्या आहेत, त्यांचा गुण वेगळा काढतात, आणि त्या वापरायला हव्यात तितक्या वापरल्या जात नाहीत. पण मला अशा वेळी सर्वांत उपयोगी वाटते ती १९९५ साली स्ट्रॅटफर्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पीएसएफएस ही पद्धत. तीत छापील कृती नसतातच. दुखण्यामुळे कोणती कामे जमत नाहीत किंवा जड जातात, अशी तीन ते पाच कामे रुग्णानेच सांगायची आणि प्रत्येकाला ० ते १० मध्ये गुण द्यायचे. ० म्हणजे अजिबात जमत नाही, १० म्हणजे दुखण्याआधी जमत होते तसे जमते. सरासरीत सुमारे दोन गुणांचा आणि एका कामात सुमारे तीन गुणांचा फरक पडला, तर तो मोजण्यातल्या चढउतारापलीकडचा मानावा, असा सर्वसाधारण संकेत आहे.

ही पद्धत दिसते सोपी, पण ती नीट राबवायला कौशल्य लागते. "काय जमत नाही?" असे विचारले की बहुतेक जण "सगळंच" किंवा "हात दुखतो" असे उत्तर देतात. तिथे घाई करून आपणच कामे सुचवली, तर पद्धतीचा प्राणच जातो. मी सकाळी उठल्यापासूनचा कालचा दिवस सांगायला लावते आणि हात कुठे अडला, कुठे कोणाची मदत घेतली, काय करायचेच टाळले, ते ऐकत जाते. मग रुग्णाच्याच शब्दांत काम लिहिते. 'पकड सुधारणे' असे मी लिहीत नाही. 'बाळाला एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने दार उघडणे' असे लिहिते, कारण त्या वाक्यात मला मनगटाची स्थिती, किती वजन, किती वेळ आणि कोणती भीती हे सगळे मिळते. त्या वाक्यावरून स्प्लिंट, म्हणजे हात स्थिर ठेवणारा आधार, दिवसा काढायचा की ठेवायचा, वजन कोणत्या टप्प्याला वाढवायचे, अंगठ्याच्या बुडाच्या सांध्याला आधार द्यायचा की नाही, हे ठरते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट मंडळी १९९१ पासून वापरत असलेली सीओपीएम ही मुलाखत याच वाटेने आणखी पुढे जाते, कारण तीत काम किती महत्त्वाचे, ते कितपत जमते आणि जमते त्यावर रुग्ण किती समाधानी आहे, असे तीन वेगळे प्रश्न असतात. जमणे आणि समाधान यांत किती अंतर असू शकते, हे मला त्या मुलाखतीनेच शिकवले.

एक दोष मात्र मान्य करायला हवा. रुग्णाने स्वतः निवडलेल्या कामांचे गुण दोन रुग्णांमध्ये ताडून पाहता येत नाहीत. कोणती शस्त्रक्रिया सरस किंवा कोणता उपचारक्रम बरा, हे तपासायचे तर सर्वांना सारखेच प्रश्न विचारलेली प्रश्नावली लागते. म्हणून मी एक सार्वत्रिक आणि एक वैयक्तिक अशी जोडी ठेवते. तिसरी जोडत नाही. तीन-तीन कागद भरायला लावले की तिसऱ्यावर एका रेषेत खुणा केलेल्या दिसतात.

कोणत्या आजाराला कोणती प्रश्नावली, याचे माझे आडाखे साधे आहेत. मनगटाच्या हाडासाठी पीआरडब्ल्यूई, कार्पल टनेलसाठी बोस्टन, संधिवाताने बोटे वाकडी झालेल्यांसाठी मिशिगन, आणि खांदा-कोपरापर्यंत त्रास पसरला असेल तर डॅश. मिशिगनमध्ये हाताच्या दिसण्याविषयी प्रश्न आहेत. वाकडी बोटे आणि व्रण यांमुळे माणूस चारचौघांत हात लपवतो, हे सांगायला त्याला दुसरीकडे कुठे जागाच मिळत नाही, म्हणून ते प्रश्न मला मोलाचे वाटतात. पीआरडब्ल्यूई वापरताना लक्षात ठेवायचे ते हे, की तिच्यात वेदनेचे पाच प्रश्न मिळून ५० गुण आणि कामाचे दहा प्रश्न मिळून, बेरीज निम्मी करून, ५० गुण असतात; म्हणजे वेदनेचा प्रत्येक प्रश्न कामाच्या प्रश्नाच्या दुप्पट वजनाचा. बोस्टनमध्ये लक्षणांचे अकरा आणि कामांचे आठ प्रश्न वेगळे ठेवलेले आहेत, आणि ते वेगळेच वाचावेत. शस्त्रक्रियेनंतर रात्रीच्या मुंग्या बहुधा लवकर जातात, पण तळहाताच्या व्रणाजवळचा दुखरेपणा आणि सुरुवातीच्या आठवड्यांत उतरलेली पकड यांमुळे कामांचे गुण मागे रेंगाळतात. हे आधी सांगून ठेवले, तर शस्त्रक्रिया फसली अशी रुग्णाची समजूत होत नाही.

गुणांची दिशा हा वरवर किरकोळ वाटणारा, पण प्रत्यक्षात घोटाळे करणारा मुद्दा आहे. डॅश आणि पीआरडब्ल्यूईमध्ये गुण जितका कमी तितके चांगले, तर मिशिगन आणि पीएसएफएसमध्ये जितका जास्त तितके चांगले. एकाच फाइलमध्ये दोन्ही असतील, तर मी प्रत्येक आकड्यापुढे 'कमी चांगला' किंवा 'जास्त चांगला' असे शब्दांत लिहिते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना पाठवायच्या पत्रात तर हे हवेच.

प्रश्नावली कधी द्यायची, यालाही अर्थ आहे. कंडरा शिवल्यावरच्या पहिल्या आठवड्यांत रुग्णाला हात वापरायला आम्हीच मनाई केलेली असते. तेव्हा भरलेली डॅश ऐंशीच्या घरात गेली, तर तो आकडा आमच्या मनाईचा असतो. हाताला काय जमते याविषयी तो फार थोडे सांगतो. तरीही मी ती भरून घेते, कारण वेदना, झोप आणि मुंग्या यांची उत्तरे त्या काळातही खरी असतात. मनगटाच्या हाडाच्या बाबतीत तर पहिल्याच आठवड्यातली वेदना फार काही सांगून जाते. दीड हजारांहून अधिक रुग्णांवरच्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या आठवड्यात दोन दिवसांची सरासरी वेदना दहापैकी पाच किंवा अधिक असणे, ही पुढे सीआरपीएस होण्याच्या धोक्याची खूण मानावी असे दिसले. सीआरपीएस म्हणजे हात सुजणे, रंग बदलणे, स्पर्शही सहन न होणे आणि दुखापतीच्या मानाने फारच जास्त दुखणे; लवकर ओळखले तर पुष्कळ करता येते, उशिरा ओळखले तर हात महिनोन् महिने हरवतो. एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या भेटीत वाचायला लागतात दहा सेकंद.

आता मनाविषयी. नैराश्य, वेदनेची भीती आणि 'हे आता कधीच बरे होणार नाही' असा टोकाचा विचार यांचा डॅशसारख्या प्रश्नावलीच्या गुणाशी घट्ट संबंध असतो, आणि कित्येक अभ्यासांत हा संबंध सांध्याच्या हालचालीशी किंवा पकडीशी असलेल्या संबंधापेक्षा अधिक बळकट आढळला आहे. यावरून काही जण अशी समजूत करून घेतात, की गुण जास्त आणि मोजमाप चांगले असलेला रुग्ण अतिशयोक्ती करतो. ही समजूत मला अन्यायाची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली स्वीकारलेल्या वर्गीकरणात शरीराचे कार्य, कृती आणि सहभाग हे वेगवेगळे मांडले आहेत, ते याचसाठी. सांध्याचा कोन मोजणारा माझा गोनिओमीटर पहिल्याचे माप घेतो, प्रश्नावली पुढच्या दोन्हींचे, आणि दोन वेगळ्या गोष्टींची मापे जुळली नाहीत म्हणून त्यातले एक खोटे ठरत नाही. डॅशच्या शेवटच्या प्रश्नात हातामुळे आपण कमी सक्षम, कमी उपयोगी किंवा कमी आत्मविश्वासाचे झालो असे वाटते का, हे विचारलेले आहे. त्या प्रश्नापुढे ठाम होकार दिसला, की मी त्या दिवशीचा एखादा व्यायाम कमी करून बोलायला वेळ ठेवते. ती भीती नेमकी कशाची, टाके उसवतील याची, पुन्हा पडण्याची की काम सुटण्याची, हे कळले, तर पुष्कळदा तिच्यावर हाताच्या उपचारातूनच काम करता येते. जिथे माझ्या कक्षेबाहेरचे काही दिसते, तिथे मी तसे स्पष्ट सांगून योग्य माणसाकडे पाठवते.

कागद भरतो कोण, हेही पाहावे लागते. एका वयस्कर बाईंची प्रश्नावली पहिल्या दोन खेपांना मुलाने भरली होती आणि तीत सगळीकडे 'थोडी अडचण' होती. तिसऱ्या खेपेला मुलगा आला नाही, मी प्रश्न मोठ्याने वाचले आणि बाईंनी स्वतः उत्तरे दिली, तेव्हा गुण जवळजवळ दुप्पट झाला. मुलाचा हेतू वाईट नव्हता. आई कुरकुरत नव्हती म्हणून त्याला दिसले तेच त्याने लिहिले. प्रश्न वाचून दाखवायची वेळ आली, तर छापलेले शब्द जसेच्या तसे वाचावेत, पाचही पर्याय दर वेळी सांगावेत आणि चेहऱ्यावर समाधान किंवा निराशा दाखवू नये, कारण रुग्णाला थेरपिस्टला खूश करायचे असते आणि ते साहजिक आहे. वाचून भरलेला आणि स्वतः भरलेला कागद यांची तुलना करताना फाइलमध्ये तशी नोंद हवी.

भाषेचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. प्रश्नावलीचे भाषांतर म्हणजे कोणीतरी बसल्या बैठकीला केलेला तर्जुमा नसतो. दोन स्वतंत्र भाषांतरे करायची, त्यांचा मेळ घालायचा, ते मूळ भाषेत परत भाषांतरित करून ताडायचे, जाणकारांच्या समितीने पाहायचे आणि मग तीस-चाळीस रुग्णांना देऊन त्यांना काय समजले हे विचारायचे, अशी रूढ पद्धत आहे. इतका खटाटोप का, हे मुंग्यांच्या प्रश्नावरून पटते. मुंग्या येणे, बधिर होणे, चुणचुणणे, जड पडणे आणि झोंबणे या आपल्या भाषेतल्या पाच वेगळ्या जाणिवा आहेत. एखाद्याला बोट बधिर वाटते, पण त्याला 'मुंग्या' असा शब्द दिला की तो प्रामाणिकपणे 'अजिबात नाही' अशी खूण करतो. तसेच 'आखडणे' आणि 'अशक्तपणा': मूठ वळत नाही ती सांधा आखडल्यामुळे की जोर नसल्यामुळे, हे रुग्णाला वेगळे करता येतेच असे नाही. म्हणून अधिकृत भाषांतर उपलब्ध असेल तेच वापरावे, स्वतः भर घालू नये, पण भरून झाल्यावर या शब्दांचा अर्थ त्यांनी कसा घेतला हे विचारून घ्यावे.

कोऱ्या उत्तरांनाही मी आता उत्तरच मानते. डॅशमध्ये लैंगिक जीवनाविषयी एक प्रश्न आहे आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा कोरा राहतो तो हाच. मी तो भरायचा आग्रह धरत नाही. पण एक-दोनदा असे झाले, की इतर सर्व प्रश्न झाल्यावर रुग्णाने त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून, आवाज खाली आणून, हातावर भार घेता येत नाही याबद्दल विचारले. तो प्रश्न कागदावर छापलेला नसता, तर मी तो विचारला नसता, आणि त्यांनीही काढला नसता.

संगणकावर भरायच्या नव्या प्रश्नसंचांत, उदाहरणार्थ प्रॉमिसमध्ये, आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न निवडला जातो आणि थोड्याच प्रश्नांत गुण मिळतो. वेळ वाचवण्यासाठी ते उत्तमच. माझी अडचण एवढीच, की पडद्यावर शेवटी एक आकडा येतो आणि कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिले ते शोधायला पुन्हा आत शिरावे लागते. ज्यांच्याकडे अशी सोय आहे त्यांनी उत्तरांचा तक्ताही दिसेल असे करून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वेळ नाही ही आमच्या क्षेत्रातली सर्वांत मोठी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. अर्ध्या तासाच्या भेटीत स्प्लिंट सैल-घट्ट करायचा असतो, सूज मोजायची असते, व्यायाम तपासायचे असतात. मी यावर शोधलेला मार्ग असा, की रुग्णाने भरलेला कागद मोजमापे घेण्याच्या आधी वाचायचा. त्याने वेळ वाढत नाही, कारण कुठे मोजायचे ते कळते. झोपेचे उत्तर वाईट असेल तर नसेची चाचणी आधी, झाकण उघडण्याचे उत्तर वाईट असेल तर अंगठ्याचा सांधा आधी, पिशवी उचलण्याचे असेल तर मनगटाची करंगळीकडची बाजू आधी. मोजमापे आधी घेतली की माझे मत तयार होते आणि मग मी कागदात त्याला पुष्टी शोधत बसते, हे मी स्वतःच्या बाबतीत पुरेसे पाहिले आहे.

उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी एक कोरी प्रश्नावली पाठवण्याची पद्धत मी दोन वर्षांपूर्वी सुरू केली. निम्म्याहून कमी परत येतात, तरी पाठवते. गेल्या आठवड्यात अंगठ्याच्या बुडाच्या सांध्याचा संधिवात असलेल्या एका रुग्णाची आली. वेदना थोडी, झोप उत्तम, काम व्यवस्थित, एकूण गुण पूर्वीपेक्षा खूपच खाली. पहिल्या प्रश्नापुढे मात्र, म्हणजे घट्ट झाकण उघडण्यापुढे, 'फार अडचण'. निरोप देताना हेच उत्तर 'थोडी अडचण' होते. मी त्यांना फोन करून पुढच्या मंगळवारी बोलावले आहे आणि येताना घरातली ती झाकणाची बरणी बरोबर आणायला सांगितले आहे.